फ्रिजच्या दाराची मोटार आणि तिची जन्मपत्रिका

फ्रिजचं दार उघडावं, आत जाऊन बसावं, दार ओढून घ्यावं आणि निघावं भाजी आणायला! मैत्रिणींनो, ही लहान मुलांच्या मासिकातली गोष्ट नाही बरं का. अशी मोटार खरोखरच होती. युरोपातल्या रस्त्यांवर ती हजारोंनी धावत होती, आणि आजही तिकडची हौशी माणसे ती कुठल्यातरी गोठ्यातून गंजलेल्या अवस्थेत उचलून आणतात आणि पुन्हा चालती करतात. तिचे नाव इसेट्टा. तिला बाजूला दारेच नाहीत. आहे ते एकच, आणि तेही थेट नाकावर! काचेसकट, दिव्यांमधला अख्खा पुढचा भाग फ्रिजच्या दारासारखा बाहेर उघडतो. स्टिअरिंगचे चाकही दाराबरोबर बाजूला सरकते, म्हणजे आत शिरताना गुडघ्याला काही अडत नाही.

लांबी साधारण साडेसात फूट, रुंदी साडेचार फूट. आपल्या डबलबेडहून फार मोठी नाहीच. वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. आत एकच बाकडे. त्यावर दोन माणसे आणि मधे एखादे पोर. साडी नेसून मोटारीत शिरताना एक पाय आत, एक बाहेर, निऱ्या एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात अशी जी आपली तारांबळ उडते, ती इथे नाही. गाडी फुटपाथला नाक लावून उभी करायची, दार उघडायचे आणि सरळ फुटपाथवर पाऊल टाकायचे. ज्याने हे योजले त्याला बायकांची अडचण ठाऊक असावी, असे मला तरी वाटते!

अर्थात पुढून धडक बसली आणि दार अडकले तर? त्याची सोय म्हणून वरचे छप्पर कापडी ठेवले होते, गुंडाळता येणारे. प्रसंग पडलाच तर तिथून बाहेर पडायचे. साडीवालीने काय करावे हे मात्र त्यांनी सांगितलेले नाही.

हे फ्रिजचे दार सुचले कुणाला, असे तुम्ही विचाराल. ज्याला सुचले तो मूळचा फ्रिजवालाच होता! इटलीत मिलान शहराजवळ ब्रेसो नावाचे गाव आहे. तिथे रेंझो रिव्होल्टा या कारखानदाराची 'इसो' ही कंपनी आधी फ्रिज बनवी, मग युद्धानंतर स्कूटर बनवू लागली. एर्मेनेजिल्डो प्रेती आणि पिएरलुइजी राज्जी या दोन इंजिनिअरांनी त्यांच्यासाठी ही अंड्याच्या आकाराची गाडी आखली आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये तोरिनो शहरात ती लोकांसमोर आली. इसेट्टा म्हणजे 'धाकटी इसो'. आपण घरात 'छोटी', 'छकुली' म्हणतो ना, तसेच.

या गाडीमागचे कारण मात्र आपल्याला परके नाही. महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती. लोकांच्या हाती थोडा पैसा आला होता, पण मोटारीइतका नव्हे. स्कूटर परवडत होती. मग पुढे थोरला उभा, नवरा हँडल धरून, मागे बायको आणि तिच्या मांडीवर तान्हे, वरून पाऊस! हे चित्र आपल्या किती घरांतले आहे! आपल्याकडे २००८ साली नॅनो आली तेव्हा रतन टाटांनी स्कूटरवरच्या अशाच भिजणाऱ्या कुटुंबाची आठवण सांगितली होती. युरोपात पन्नास वर्षे आधी त्याच गरजेपोटी एक सबंध जातकुळी जन्माला आली. तिला मायक्रोकार म्हणतात. इंजिन मोटारसायकलचे, वर पत्र्याचे नाहीतर फायबरचे घर, चाके तीन किंवा चार. त्यांतली सर्वांत इवलीशी म्हणजे ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर १९६० च्या दशकात झालेली पील पी-५०. ती चार साडेचार फूट लांब, एकाच माणसाची; मागे घ्यायची तर उतरून दांडीला धरून ओढायची, भाजीच्या ट्रॉलीसारखी!

इसेट्टाचे नशीब मात्र जर्मनीत उघडले. म्युनिकच्या बीएमडब्ल्यू कंपनीचे दिवस तेव्हा बरे नव्हते. मोठ्या देखण्या मोटारी बनवून त्यांत तोटाच होत होता. त्यांनी इसोकडून हक्क घेतले, आपल्या मोटारसायकलचे एका सिलिंडरचे इंजिन तिच्यात बसवले आणि १९५५ पासून विक्री सुरू केली. १९६२ पर्यंत एक लाख एकसष्ट हजारांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. आज ज्या कंपनीचे नाव घेतले की लाखालाखांच्या गोष्टी निघतात, तिचे घर एकेकाळी या फ्रिजवाल्या गाडीने सांभाळले.

तिथून ती इंग्लंडला गेली. १९५६ साली सुवेझ कालव्याचे प्रकरण पेटले, तेलाची वाट अडली आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले. थोड्या पेट्रोलात चालेल ती गाडी हवी, असे सगळ्यांना झाले. समुद्रकाठच्या ब्रायटन शहरात रेल्वे इंजिनांचा जुना कारखाना होता. तिथे १९५७ साली इसेट्टा जोडण्याचे काम सुरू झाले आणि १९६४ पर्यंत चालले. गंमत अशी की त्या कारखान्याला मोटारी बाहेर काढायला रस्ताच नव्हता. सुटे भाग आगगाडीने येत आणि तयार मोटारी आगगाडीत बसूनच सासरी जात!

इंग्लंडमध्ये तीन चाकांच्या हलक्या गाडीला कर कमी पडे, आणि मोटारसायकलच्या लायसनवर ती चालवता येई. पण तेव्हाच्या कायद्यात एक अट होती, तिला मागे जाण्याचा गिअर नसावा. म्हणून पुष्कळ इसेट्टांचा तो गिअर मुद्दाम बंद केलेला असे. मग त्यावरून विनोद आलेच. कुणी गॅरेजमध्ये भिंतीला नाक लावून गाडी घातली, तर दार उघडायचे नाही आणि गाडी मागेही यायची नाही! आणखी एक घोटाळा झाला. मूळ गाडीत चालक डावीकडे आणि इंजिन उजवीकडे, असा तोल साधला होता. इंग्लंडमध्ये स्टिअरिंग उजवीकडे आले, म्हणजे माणूस आणि इंजिन दोन्ही एकाच अंगाला. मग डाव्या बाजूला वजन टाकून तागडी सरळ करावी लागली.

१९५९ च्या ऑगस्टमध्ये 'मिनी' ही चार माणसांची खरीखुरी मोटार आली आणि या चिमुकल्या गाड्यांचे दिवस भरत आले. जुन्या इसेट्टा कुणी भंगारात घातल्या, कुणी मुलांना खेळायला दिल्या, कुणी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ताडपत्रीखाली ढकलल्या. त्यामुळे एकेकाळी गल्लोगल्ली दिसणारी वस्तू आता दुर्मिळ झाली. आज ती सापडली की तिच्यावर लोक वर्षे नि पैसा दोन्ही ओततात. पण खरा पेच पत्र्याचा नसतो. पत्रा जोडता येतो. पेच असतो ती गाडी नेमकी कोणती, हे सिद्ध करण्याचा. तिथेच आपला, म्हणजे घर सांभाळणाऱ्यांचा, संबंध येतो. तो पुढे सांगते.

आधी दुरुस्तीचे पाहू. समजा, इंग्लंडच्या एखाद्या शेतावर अशी तीनचाकी सापडली. जाणकार माणूस लगेच पाने घेऊन तुटून पडत नाही. आधी तो फोटो काढतो. प्रत्येक तार कुठून कुठे जाते, कुठला स्क्रू कुठे होता, रबर कुठल्या बाजूने बसले आहे, सगळ्याचे. मग एकेक भाग सोडवायचा आणि त्याचे स्क्रू, वायसर, कड्या वेगवेगळ्या बरण्यांत घालून चिठ्ठी लावायची. आपण मसाल्याच्या डब्यांवर नावे घालतो तेच शास्त्र! ज्याने हे केले नाही त्याची गाडी शेवटी मूठभर उरलेल्या स्क्रूंसह उभी राहते.

इसेट्टाला नळ्यांचा लोखंडी सांगाडा असतो आणि वरचे पत्र्याचे घर त्यावर बोल्टांनी बसवलेले असते. बोल्ट सोडवले की तीन-चार माणसे ते घर उचलून बाजूला ठेवू शकतात. तेव्हा कळते खरी कथा. तळाचा पत्रा बहुधा गेलेला असतो. त्याचे मूळ पुष्कळदा त्या लाडक्या दाराशी असते. दाराभोवतीची रबरी पट्टी जुनी झाली, कडक झाली की पाणी आत झिरपते, उंबऱ्याशी साचते आणि पायाखालचा पत्रा खाते. आपल्या फ्रिजचे गॅस्केट ढिले झाले की कसे पाणी सुटते, तसेच हे. कुजलेला भाग कापून त्या आकाराचा नवा पत्रा वेल्डिंगने जोडायचा असतो. त्यावर नुसती लांबी भरून, घासून, रंग मारून विकणारेही असतातच. जगात कुठेही जा, पोपडे झाकून घर विकणारे भेटतात. म्हणून जुन्या गाडीचा ग्राहक खिशात लोहचुंबक ठेवतो. लांबीच्या जागी चुंबक चिकटत नाही.

इंजिन त्या मानाने सोशिक. एकच सिलिंडर, पंख्याच्या वाऱ्याने थंड होणारे, पाण्याची भानगड नाही. बीएमडब्ल्यूच्या मोटारसायकलीशी त्याचे नाते असल्याने जाणणारे मिस्त्री मिळतात, भागही मिळतात. काही भाग तर हौशी मंडळींसाठी आता नव्याने बनतात. यात एक छान युक्ती आहे. गाडी सुरू करणारी मोटर आणि बॅटरी भरणारा डायनामो, ही दोन्ही कामे एकच यंत्र करते. एकाच भांड्यात भातही आणि वरणही! पण ते बिघडले की दोन्ही जेवणे बंद. मागच्या चाकाला ताकद नेणारी साखळी तेलाच्या बंद पेटीत फिरते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत त्या तेलाचा चिखल झालेला असतो, तो काढल्याशिवाय गाडी ओढूनसुद्धा पाहू नये. ब्रेकच्या नळ्या आणि टायर मात्र कितीही बरे दिसले तरी नवेच घालायचे, तिथे काटकसर नाही.

आता रंग. इथे दोन तट आहेत, आणि मी कुठल्या बाजूची ते आधीच सांगते. एक पक्ष म्हणतो, गाडी शोरूममधून आल्यासारखी चकचकीत करा. दुसरा म्हणतो, जेवढे जुने टिकेल तेवढे टिकवा. मला दुसरा पक्ष पटतो. बाकाखाली, दाराच्या आतल्या कडेला, पत्र्याच्या दुमडीत मूळ रंग दडलेला असतो. एकावर एक चढलेल्या रंगांचे थर हळूच घासले की कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकेक मालक बाहेर येतात. काचेवर कराच्या गोल पावतीचा तुकडा चिकटलेला असेल, विकणाऱ्या दुकानाचे छोटे चिन्ह मागे लावलेले असेल. उत्साहाच्या भरात हे सगळे घासून टाकले, की गाडी देखणी होते आणि मुकी होते.

तर आता तिची जन्मपत्रिका. प्रत्येक गाडीला दोन ओळखी असतात. एक चासी नंबर, कारखान्यात सांगाड्यावर ठोकलेला आणि एका धातूच्या पट्टीवर लिहिलेला. हा जन्माचा. दुसरा रस्त्यावरचा नंबर, सरकारने दिलेला. हा लग्नातल्या नावासारखा! इंजिनचा नंबर तिसरा, पण त्यावर भरवसा नको, कारण पन्नास-साठ वर्षांत इंजिने बदलली जातात. जर्मनीत बनलेली गाडी असेल तर बीएमडब्ल्यूच्या म्युनिकच्या संग्रहाकडून चासी नंबरावरून ती केव्हा बनली, कुठे पाठवली हे कळू शकते. पण रस्त्यावरचा नंबर तिथे मिळत नाही. त्यासाठी त्या देशातले दप्तर धुंडाळावे लागते.

ब्रिटनमध्ये मोटारींची नोंद १९०४ पासून सुरू झाली आणि ती जिल्ह्यांच्या व शहरांच्या कौन्सिलांकडे होती. प्रत्येक कौन्सिलला अक्षरे वाटून दिलेली. १९६३ पूर्वीच्या नंबरात तीन अक्षरे असली, तर शेवटच्या दोन अक्षरांवरून गाव कळते. उदाहरणार्थ सीडी किंवा यूएफ असेल तर ती ब्रायटनची. म्हणजे नुसता नंबर सापडला तरी ती कुठे नांदत होती ते समजले. कौन्सिलच्या जाडजूड वह्यांत गाडीची जात, रंग, पहिला मालक, तारीख अशा नोंदी असत. कुठे चासी नंबर लिहिलेला, कुठे नाही. कारकुनाच्या हातावर अवलंबून! मालकाकडे लॉगबुक असे, आपल्या आरसी बुकाची बहीण. गाडी विकली की त्यात नव्या मालकाचे नाव आणि शिक्का, रंग बदलला की तीही नोंद.

मग १९७४ साली हा कारभार कौन्सिलांकडून काढून वेल्समधील स्वॉन्सी शहरात एका ठिकाणी न्यायला सुरुवात झाली आणि नोंदी संगणकावर चढू लागल्या. ज्या गाड्या रस्त्यावर होत्या, ज्यांचा कर भरला जात होता, त्या आपोआप चढल्या. गोठ्यात झोपलेल्या गाड्यांचे मालक मात्र लॉगबुक पाठवायचे विसरले, किंवा त्यांना गरजच वाटली नाही. १९८३ च्या अखेरीस ते दार बंद झाले. त्या तारखेपर्यंत ज्यांचे कागद आले नाहीत, त्यांचा नंबर सरकारच्या लेखी उरलाच नाही. गाडी तिथेच उभी, नंबरची पाटी तिच्यावरच, पण नाव पुसले गेले! वर कौन्सिलांच्या त्या जुन्या वह्यांपैकी कित्येक कचऱ्यात गेल्या. काही जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत पोचल्या, काही ड्रॉइटविच गावी किटहेड ट्रस्ट नावाच्या संस्थेने सांभाळल्या. तुमच्या गाडीची वही वाचली की नाही, हा निव्वळ नशिबाचा भाग.

हरवलेला नंबर परत मागण्याची सोय पुढे सरकारने केली. मान्यता मिळालेल्या क्लबचा जाणकार गाडी पाहतो, चासी नंबर तपासतो आणि शिफारस करतो. पण मुख्य अट अशी की रस्त्यावरचा नंबर आणि चासी नंबर या दोघांना जोडणारा जुना, खरा कागद हवा. दोन्ही एकाच कागदावर! इथे भलेभले अडतात.

का ते पाहा. मालकाच्या घरी खूप शोधल्यावर काय मिळते? बहुतेक वेळा फोटो. चर्चच्या दारात नवरा-नवरी, मागे इसेट्टा, पाटीवरचा नंबर स्वच्छ वाचता येतोय. समुद्रकाठची सहल, दार उघडे टाकून आई सँडविच करते आहे. मन भरून येते. पण फोटोत चासी नंबर कुठला दिसायला? कराच्या गोल पावतीवर नंबर आहे, चासी नाही. ज्यावर दोन्ही असतात तो कागद म्हणजे लॉगबुक, नाहीतर वाहन तपासणीचा जुना दाखला, नाहीतर अभिलेखागारातून मिळालेला त्या वहीचा प्रमाणित उतारा. आणि हे कागद कोणी जपून ठेवले असतील तर बहुधा घरातल्या बाईने. गाडी विकली, नवरा गेला, घर बदलले, तरी 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली ती घडी. आपणही सगळे डबे असेच भरतो की! एका घडी घातलेल्या जाड कागदाने एक गाडी पुन्हा तिच्या नावाने ओळखली जाते, आणि तोच कागद दिवाळीच्या साफसफाईत गेला तर कितीही पैसे ओतून ते नाव परत येत नाही. मग सरकार तिच्या वयाला शोभेल असा दुसराच नंबर देते. गाडी चालते, पण परक्या नावाने.

नावासाठी एवढा जीव का टाकायचा, असेही कुणी म्हणेल. त्याला एक व्यवहाराची बाजूही आहे. ब्रिटनमध्ये छोटा, सुटसुटीत जुना नंबर सोन्याच्या भावाने विकला जातो. कित्येक गरीब मायक्रोकारांचे नंबर काढून श्रीमंतांच्या नव्या कोऱ्या मोटारींवर चढले आणि मूळ गाडी भंगारात गेली. अंगावरचे दागिने उतरवून घेऊन बाईला हाकलण्यातला प्रकार! म्हणूनच या सोयीने परत मिळालेला नंबर दुसऱ्या गाडीला देता येत नाही, तो त्याच गाडीवर राहतो. मला हा नियम फार आवडला.

पूर्वीच्या मालकांची नावे-पत्ते मात्र सरकारी दप्तरातून आता सहजी मिळत नाहीत, खाजगीपणाचे कायदे कडक झाले आहेत. त्यामुळे शोध घेणारे वेगळ्या वाटा धरतात. लॉगबुकावर पूर्वीच्या मालकाचे गाव असेल तर तिथल्या वृत्तपत्रात जुना फोटो छापून विचारतात. गॅरेजची पाटी असेल तर ते गॅरेज कुणाचे होते ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात. आणि एखादी आजी सांगते, 'अरे, ही तर आमच्या पाववाल्याची!'

आता आपल्याकडे या. आपल्याकडेही चिमुकल्या गाड्यांचे वेड होते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या हिमतीवर 'मीरा' नावाची छोटी मोटार घडवली आणि अनेक वर्षे तिचे सुधारलेले नमुने करत राहिले. पण ती कारखान्यातून बाहेर पडण्याचा योग आला नाही. बंगलोरच्या सिपानींची 'बादल' १९७० च्या दशकात आली, तीन चाकांची, फायबरच्या अंगाची. तिला निदान गंजाची भीती नव्हती!

आणि कागदांचे महत्त्व इथे काही कमी नाही. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, घरगुती वापराची दुचाकी किंवा चारचाकी, जिच्या सांगाड्यात, अंगात वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नाही, तिला व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती दहा वर्षे चालते. पुढच्या वेळी ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण ज्या गाडीची आधीच नोंदणी आहे तिला आपला मूळचा नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. आता पहिल्या नोंदणीची तारीख सिद्ध कशावरून करणार? पुन्हा तेच, जुने आरसी बुक!

म्हणून सासऱ्यांची लँब्रेटा अंगणात पडून असेल, किंवा माहेरची जुनी फियाट भावाच्या शेडमध्ये असेल, तर गाडीला हात लावण्याआधी कागद शोधा. आरसी बुक, विम्याच्या पावत्या, कर भरल्याची नोंद, कर्ज काढले असेल तर बँकेचे पत्र, विकत घेतल्याची मूळ पावती. १९८९ मध्ये नंबरांची पद्धत बदलली, त्यापूर्वीचा तीन अक्षरांचा नंबर असेल तर तो कागदावर आणि पाटीवर अक्षर न् अक्षर जुळतो का ते पाहा. मग चासी नंबर शोधा. त्यावरची माती ओल्या फडक्याने पुसा, पॉलिशपेपरने घासू नका, ठोकलेले आकडे झिजतात. त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. लहानपणी नाण्याचा ठसा काढायचो तसाच आकड्यांचा ठसा उमटतो. आरटीओतही अशाच पेन्सिलच्या ठशाची पद्धत आहे. तो ठसा आणि आरसी बुकातला आकडा शेजारी ठेवून ताडून पाहा.

आणि ते आरसी बुक फाटायला आले असेल, तर कृपा करून लॅमिनेट करू नका. एकदा प्लॅस्टिकमध्ये बंद झालेला कागद पुन्हा सुटत नाही, शिक्के तपासता येत नाहीत. चिकटपट्टीही नको, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि खालची शाई खराब करते. दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांना पाठवून ठेवा. मूळ कागद शक्यतो उलगडून, पांढऱ्या स्वच्छ कागदात ठेवून सपाट फाइलमध्ये घाला आणि फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. पावसाळ्यात भिंतीला ओल येते त्या बाजूला नको. डांबरगोळ्या टाकायच्या तर कागदाला टेकवून नकोत. फाइलवर मोठ्या अक्षरात गाडीचा नंबर लिहा, म्हणजे पुढच्या दिवाळीत रद्दीवाला दारात उभा असताना कुणी ती उचलून देणार नाही.